बेळगाव ते मुंबई: सिम्युलेटरमधला एफएमसी पहिल्यांदा भरताना

उड्डाण-सिम्युलेटर नव्याने घेतलेल्या माणसाचे घोडे बहुधा एकाच जागी अडते. छोटे सेसना विमान बेळगावच्या सांब्रा विमानतळाच्या धावपट्टीवरून उचलून, राकसकोपच्या जलाशयावर एक फेरी मारून परत उतरवणे चार-सहा संध्याकाळींत जमून जाते. पण पुढे हौसेने बोईंग ७३७ किंवा एअरबस ए३२० उघडली, की दोन वैमानिकांच्या मध्ये बसवलेला तो छोटा पडदा आणि त्याखालची दाटीवाटीची बटणे पाहून हात थबकतो. पडद्यासह बटणांच्या या संचाला बोईंगमध्ये सीडीयू आणि एअरबसमध्ये एमसीडीयू म्हणतात, आणि त्यामागे मार्ग, वजन, इंधन व उंची यांचा हिशेब ठेवणारा जो संगणक असतो त्याला आपण सोयीसाठी एफएमसी म्हणू. हा संगणक भरण्यासाठी कोणती साधने वापरावीत, ती कोणत्या क्रमाने वापरावीत आणि कोठे डोळे उघडे ठेवावेत, हे येथे बेळगाव ते मुंबई या एकाच उड्डाणाच्या आधाराने सांगतो. पडद्यावर सर्व काही रोमन लिपीत उमटते. येथे ते देवनागरीत उच्चाराप्रमाणे लिहिले आहे.

मी बेळगावच्या उद्यमबागेत सीएनसी, म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या, मशिनांचे प्रोग्रॅम करतो, त्यामुळे एफएमसीशी माझे पहिल्या दिवसापासून सूत जुळले. आमच्याकडे पुष्कळ कंट्रोलांवर एक्स १५० लिहून पुढचा दशांशबिंदू राहिला, तर मशीन त्याचा अर्थ दीडशे मिलिमीटर न घेता ०.१५० मिलिमीटर घेते, आणि तक्रार अजिबात करत नाही. एफएमसीचा स्वभाव असाच आहे. जे त्याला अशक्य वाटते ते तो नाकारतो, पण जे चुकीचे असूनही शक्य आहे ते निमूटपणे स्वीकारतो. पुढे ज्या साधनांची ओळख करून देणार आहे ती आपले टाइप करण्याचे श्रम वाचवतात. भरलेले वाचून पाहण्याचे काम मात्र आपल्याच वाट्याला राहते.

कोणते साधन कशासाठी

पहिले आणि सर्वांत उपयोगी साधन म्हणजे सिमब्रीफ. हे संकेतस्थळ खाते उघडून विनामूल्य वापरता येते. निघण्याचे विमानतळ, पोहोचण्याचे विमानतळ आणि विमानाचा प्रकार दिला, की ते मार्ग, इंधन, वजने, वाऱ्याचा अंदाज आणि पर्यायी विमानतळ यांसह पूर्ण उड्डाण-आराखडा तयार करते. त्याला ओएफपी म्हणतात. दुसरे साधन नॅव्हिग्राफ, जे वर्गणी घेऊन मार्गबिंदू, हवाई मार्ग आणि विमानतळांच्या कार्यपद्धती यांचा ताजा डेटाबेस पुरवते. सिमब्रीफ आता नॅव्हिग्राफच्याच छत्राखाली आहे. वर्गणी नसलेल्यांना तेथे जुन्या आवृत्तीच्या डेटाबेसवर आराखडा मिळतो, आणि सुरुवातीला तेवढ्यावर काहीही अडत नाही.

तिसरे साधन लिटल नॅव्हमॅप हा विनामूल्य, मुक्तस्रोत कार्यक्रम. तो तुमच्या सिम्युलेटरमधलाच डेटाबेस वाचून नकाशा दाखवतो, त्यावर मार्ग आखू देतो आणि तो मार्ग निरनिराळ्या विमानांना समजेल अशा फायलींत काढून देतो. तो आपल्याच संगणकावर चालत असल्याने पावसाळ्यात इंटरनेटने दगा दिला तरी कामाचा राहतो, आणि खानापूर तालुक्यातल्या वाचकांना याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. चौथी गोष्ट म्हणजे विमानतळांचे तक्ते. भारतीय विमानतळ प्राधिकरण आपल्या विमानतळांचे अधिकृत तक्ते संकेतस्थळावर विनामूल्य ठेवते, त्यामुळे बेळगाव आणि मुंबईपुरते तरी वर्गणी भरून तक्ते घेण्याची गरज पडत नाही.

याशिवाय एक सोयीचे साधन आहे. माऊसने एकेक बटण दाबत बसणे कंटाळवाणे होते, म्हणून काही विमानांचा एमसीडीयू टॅब्लेटच्या किंवा मोबाईलच्या ब्राउझरमध्ये उघडता येतो. फ्लायबायवायर या गटाची विनामूल्य ए३२० वापरत असाल, तर त्यांचा सिमब्रिज हा जोडकार्यक्रम एकाच वायफायवरच्या कोणत्याही मोबाईलवर एमसीडीयू दाखवतो. नव्या माणसाला याचा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा असतो, कारण पडदा हातात आल्यावर माणूस तो वाचू लागतो.

आधी डेटाबेसची तारीख

जगभरातली हवाई माहिती ठरावीक तारखांना, दर २८ दिवसांनी बदलते. या चक्राला एअरॅक म्हणतात. प्रत्येक चक्राला चार आकडी क्रमांक असतो: पहिले दोन आकडे वर्षाचे, पुढचे दोन त्या वर्षातल्या क्रमाचे. २४०१ हे चक्र २५ जानेवारी २०२४ रोजी सुरू होऊन २१ फेब्रुवारीपर्यंत चालले. बोईंगमध्ये आयडेंट या पानावर आणि एअरबसमध्ये डेटा बटणाखालच्या एअरक्राफ्ट स्टेटस पानावर तुमच्या विमानातल्या डेटाबेसची मुदत दिसते, तर सिमब्रीफच्या आराखड्यावर त्याने वापरलेले चक्र छापलेले असते. हे दोन क्रमांक जुळवून पाहणे ही पहिली पायरी. ते जुळलेच पाहिजेत असे नाही. पण जुळत नसतील, तर पुढे एखादा मार्गबिंदू सापडला नाही की दोष कोठे शोधायचा हे आधीच माहीत असते.

गेल्या पावसाळ्यात निपाणीहून माझा भाचा सुटीला आला होता. एका जुन्या विमानावर त्याने आराखड्यातला सांब्र्याचा कोड, म्हणजे व्हीओबीएम, टाइप केला आणि खाली ‘नॉट इन डेटाबेस’ असा संदेश उमटला. दोन-तीनदा तेच झाल्यावर तो वैतागून म्हणाला, “मामा, हे विमान बेळगावला ओळखतच नाही.” विमान बेळगावला ओळखत होते, पण जुन्या नावाने. विमानतळाच्या चार अक्षरी आंतरराष्ट्रीय कोडमध्ये पहिले अक्षर व्ही हे आपल्या भागाचे आणि दुसरे भारतातल्या विभागाचे असते: व्हीए म्हणजे मुंबईचा पश्चिम विभाग, व्हीओ म्हणजे चेन्नईचा दक्षिण विभाग. सांब्रा पूर्वी व्हीएबीएम होते, नंतर ते व्हीओबीएम झाले. हुबळीचे व्हीएएचबी तसेच व्हीओएचबी झाले आणि गोव्याच्या दाबोळीचे व्हीएजीओ हे व्हीओजीओ झाले. कोल्हापूर मात्र आजही व्हीएकेपीच आहे. म्हणजे निपाणीच्या पोराला उत्तरेकडचा विमानतळ एका विभागात आणि दक्षिणेकडचा दुसऱ्या, ही सीमा येथेही चुकली नाही. भाच्याने व्हीएबीएम टाइप केले आणि विमान चालू लागले.

याच कारणाने विमानतळ नावाने शोधू नये, कोडनेच शोधावा. आपल्या शहराचे सरकारी नाव १ नोव्हेंबर २०१४ पासून बदलले, त्यामुळे जुन्या याद्यांत एक स्पेलिंग आणि नव्या याद्यांत दुसरे स्पेलिंग सापडते. नावावरून आपल्याकडे पुरेसे वाद झाले आहेत; एफएमसीला केवळ चार अक्षरे लागतात.

आराखडा करताना

सिमब्रीफमध्ये निघण्याचे ठिकाण व्हीओबीएम, पोहोचण्याचे व्हीएबीबी आणि विमान बोईंग ७३७-८०० असे भरावे. पर्यायी विमानतळ म्हणून अहमदाबाद, म्हणजे व्हीएएएच, द्यावे. खात्याच्या सेटिंगमध्ये वजनाचे एकक किलोग्रॅम आहे की पाउंड हे याच वेळी पाहून घ्यावे, आणि सिम्युलेटरमधल्या विमानाचेही तेच एकक ठेवावे. हे एकदा केले की पुढचा अर्धा घोळ टळतो. पर्यायांमधली ‘रनवे अ‍ॅनालिसिस’ ही खूणही करून ठेवावी, म्हणजे उड्डाणाच्या वेगांचा आणि इंजिनाच्या जोराचा हिशेब आराखड्यातच मिळतो.

बेळगावहून मुंबई सरळ रेषेत सुमारे २२० सागरी मैल आहे आणि दिशा वायव्येकडची, साधारण ३३३ अंशांची. पश्चिमेकडच्या अर्ध्या वर्तुळात जाणाऱ्या विमानाने सम आकड्याची पातळी घ्यायची असते, म्हणून २८०, ३०० किंवा ३२० (म्हणजे २८, ३० किंवा ३२ हजार फूट) यांपैकी एक निवडावी. मी ३०० घेतो. यापेक्षा वर जाण्यात अर्थ नाही, कारण चढाई संपून जेवणाची गाडी पुढे सरकते न सरकते तोच उतरण्याची वेळ होते.

आराखडा तयार झाला, की त्यातले सहा आकडे एका कागदावर उतरवून घ्यावेत: मार्गाची ओळ, एकूण अंतर, उड्डाण-पातळी, कॉस्ट इंडेक्स, झीरो फ्युएल वेट आणि ब्लॉक फ्युएल. झीरो फ्युएल वेट म्हणजे इंधन सोडून प्रवासी व सामानासह विमानाचे वजन. ब्लॉक फ्युएल म्हणजे इंजिन सुरू होण्यापूर्वी टाक्यांत असलेले एकूण इंधन. मोबाईलवर आराखडा उघडा असताना कागद कशाला, असे मलाही वाटत असे. एका रात्री सगळे भरून झाल्यावर वीज गेली, संगणकाबरोबर राऊटरही बंद पडला, आणि मोबाईलवरचे पान पुन्हा उघडेना. तेव्हापासून टेबलावर शाळेची दुरेघी वही असते.

मार्ग विमानात कसा न्यायचा

याचे तीन मार्ग आहेत. काही विमाने थेट सिमब्रीफशी बोलतात. फ्लायबायवायरच्या ए३२०मध्ये वैमानिकाच्या टॅब्लेटवर, म्हणजे फ्लायपॅडवर, एकदा आपला सिमब्रीफ क्रमांक नोंदवला की एमसीडीयूच्या इनिट पानावर ‘इनिट रिक्वेस्ट’ हे बटण दाबताच मार्ग उतरतो. दुसऱ्या मार्गात सिमब्रीफ डाउनलोडर हा छोटा कार्यक्रम संगणकावर बसवायचा, आपल्याकडच्या विमानांवर खुणा करायच्या, आणि तो प्रत्येक विमानाची फाईल योग्य त्या फोल्डरमध्ये टाकतो. तिसऱ्या मार्गात फाईल आपण हाताने ठेवतो. एक्स-प्लेन या सिम्युलेटरमध्ये ती ‘आउटपुट’ फोल्डरमधल्या ‘एफएमएस प्लॅन्स’मध्ये ठेवायची असते, आणि पीएमडीजी या कंपनीच्या सिम्युलेटर-विमानांना आरटीई प्रकारची फाईल लागते. मग बोईंगच्या रूट पानावर ‘को रूट’ या जागी फाईलचे नाव, उदाहरणार्थ व्हीओबीएमव्हीएबीबी०१, लिहिले की मार्ग येतो. फाईल सापडत नसेल, तर दहापैकी नऊ वेळा ती चुकीच्या फोल्डरमध्ये असते किंवा नाव लिहिताना शून्याच्या जागी ओ पडलेला असतो.

तरीही माझा आग्रह असा, की पहिली आठ-दहा उड्डाणे यांपैकी कोणताही मार्ग न वापरता हाताने भरावीत. ज्याने स्वतः भरले नाही त्याला आयात केलेल्या मार्गातली चूक दिसत नाही.

हाताने भरण्याचा क्रम

पडद्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा बटणे असतात आणि प्रत्येक बटण आपल्या समोरच्या ओळीचे असते. आपण जे टाइप करतो ते आधी सर्वांत खालच्या ओळीत, म्हणजे स्क्रॅचपॅडमध्ये, उमटते. मग ज्या ओळीत ते हवे तिच्या शेजारचे बटण दाबले की ते वर जाते. उलट, स्क्रॅचपॅड रिकामा असताना पुष्कळ ओळींचे बटण दाबले तर त्या ओळीतला मजकूर खाली येतो. ही उचल-ठेव अंगवळणी पडली, की निम्मे काम झाले. बोईंगवर चौकटी दिसतात तेथे भरणे सक्तीचे असते आणि रेघा दिसतात तेथे ऐच्छिक. एअरबसवर सक्तीच्या चौकटी तांबूस-पिवळ्या रंगाच्या असतात.

बोईंग ७३७वर आयडेंट पान पाहून झाल्यावर पॉस इनिट पान येते. येथे विमानाला ‘तू कोठे उभा आहेस’ हे सांगायचे असते. रेफ एअरपोर्ट या जागी व्हीओबीएम लिहिले की शेजारी विमानतळाचे अक्षांश-रेखांश आपोआप उमटतात: एन१५५१.५ ई०७४३७.१ अशा धाटणीचे, म्हणजे उत्तर १५ अंश ५१.५ मिनिटे, पूर्व ७४ अंश ३७.१ मिनिटे. ती ओळ बटणाने खाली उचलायची आणि ‘सेट आयआरएस पोझिशन’ या चौकटीत ठेवायची. हाताने टाइप करण्याचा मोह येथे कटाक्षाने टाळावा. मोबाईलवरच्या नकाशातून घेतलेला ७४.६१८ हा आकडा दशांश अंशांतला असतो आणि एफएमसीला अंश-मिनिटे लागतात, हा एक भाग झाला. दुसरा भाग अधिक गंभीर आहे. १० मार्च २०१५ रोजी सिडनीहून क्वालालंपूरला निघालेल्या एअरएशिया एक्सच्या ए३३० विमानात रेखांश १५१०९.८ ऐवजी ०१५१९.८ असा भरला गेला. एका शून्याच्या आणि एका आकड्याच्या गल्लतीने विमान स्वतःला अकरा हजार किलोमीटरांहून अधिक दूर समजू लागले, हवेत गेल्यावर दिशादर्शन यंत्रणा बिघडल्या, आणि अखेर ते मेलबर्नला उतरवावे लागले. संगणकाने तो आकडा स्वीकारला होता, कारण पृथ्वीवर असे एक ठिकाण खरोखरच आहे.

यानंतर रूट पान. ओरिजिनला व्हीओबीएम, डेस्टला व्हीएबीबी भरून दुसऱ्या पानावर जावे. तेथे डाव्या रकान्यात ‘व्हाया’ म्हणजे हवाई मार्गाचे नाव आणि उजव्या रकान्यात ‘टू’ म्हणजे तो मार्ग जेथे सोडायचा तो बिंदू लिहायचा. हवाई मार्ग नसेल तर फक्त उजवीकडे बिंदू लिहावा, डावीकडे ‘डायरेक्ट’ आपोआप येते. एअरबसवर फ्लाइट प्लॅन पानावरच्या बिंदूच्या डाव्या बटणाने पुढचे पान उघडून ‘एअरवेज’ निवडावे लागते, आशय तोच. सर्व भरल्यावर बोईंगमध्ये ‘अ‍ॅक्टिव्हेट’ आणि मग दिवा लागलेले ‘एक्झेक’ बटण, तर एअरबसमध्ये ‘इन्सर्ट’. ही शेवटची दाब विसरल्यामुळे ‘एलएनएव्ही (भरलेल्या मार्गावर विमान आपोआप नेणारी सोय) लागतच नाही’ अशी तक्रार करणारे नवशिके शेकड्याने सापडतील.

मार्गबिंदू भरताना कधीकधी पडदा एकदम बदलतो आणि एकाच नावाची तीन-चार ठिकाणे अक्षांश-रेखांशांसह समोर मांडतो. बोईंगवर हे ‘सिलेक्ट डिझायर्ड वेपॉइंट’ आणि एअरबसवर ‘डुप्लिकेट नेम्स’ या मथळ्याखाली येते. नवा माणूस येथे घाईने पहिली ओळ दाबून मोकळा होतो. २० डिसेंबर १९९५ रोजी कोलंबियातल्या काली शहराजवळ अमेरिकन एअरलाइन्सचे ७५७ विमान डोंगरावर आदळले आणि १५९ माणसे गेली, त्या घटनाक्रमात हीच दाब आहे. वैमानिकांना रोझो नावाचा रेडिओ-दीप हवा होता. तक्त्यावर त्याची खूण आर अशी होती. एफएमसीत नुसते आर लिहून यादीतला पहिला निवडला, तो बोगोटाजवळचा रोमिओ निघाला. विमान रात्रीच्या अंधारात, डोंगरांच्या दरीत, आपणहून डावीकडे वळू लागले. तेव्हा यादी आली की अक्षांशांवर नजर टाकावी: बेळगाव–मुंबईच्या वाटेवर अक्षांश १५ ते २० आणि रेखांश ७२ ते ७५ यांच्या आतच असले पाहिजेत. या एका वाक्यावर आपली वाट चुकण्याची भीती जवळजवळ संपते.

आता लेग्ज पान उघडून नकाशा-पडदा ‘प्लॅन’ या स्थितीत ठेवावा आणि ‘स्टेप’ दाबत एकेक बिंदू पाहत जावे. मार्गात मध्येच ‘रूट डिसकन्टिन्युइटी’ असे लिहिलेली चौकटींची रांग दिसेल. याचा अर्थ दोन तुकडे जोडलेले नाहीत. बहुतेक वेळा खालचा बिंदू उचलून चौकटींवर ठेवला की तुकडे सांधले जातात. पण डोळे मिटून सगळ्या भेगा बुजवू नयेत: जेथे कार्यपद्धतीच ‘या दिशेने जात राहा, पुढे नियंत्रक सांगेल’ असे सांगते, तेथली भेग मुद्दाम ठेवलेली असते, आणि ती बुजवली तर विमान भलत्या जागी काटकोनात वळते. अखेरीस एकूण अंतर वहीतल्या आकड्याशी ताडावे. पंधरा-वीस मैलांचा फरक कार्यपद्धतींमुळे पडतो. वहीत २५० आणि पडद्यावर ९०० दिसत असतील, तर कोठेतरी रोमिओ शिरला आहे.

वजने, म्हणजे जेथे सर्वाधिक चुका होतात

परफ इनिट पानावर वर ग्रॉस वेट, त्याखाली इंधन आणि झीरो फ्युएल वेट अशा जागा असतात. समजा आराखड्यात झीरो फ्युएल वेट ५५.४ टन आणि ब्लॉक फ्युएल ६.२ टन आहे, म्हणजे एकूण ६१.६ टन. ५५.४ हा आकडा चुकून वरच्या ग्रॉस वेटच्या ओळीत गेला, तर संगणक त्यातून इंधन वजा करून झीरो फ्युएल वेट ४९.२ टन मानतो. कोणताही इशारा येत नाही, कारण ४९.२ टनांचे ७३७ अगदी संभवनीय आहे. फक्त त्यावरून काढलेले उड्डाणाचे वेग कमी येतात, आणि विमान सहा टनांनी जड असते. २० मार्च २००९ रोजी मेलबर्नहून दुबईला निघालेल्या एमिरेट्सच्या ए३४०च्या बाबतीत उड्डाणाचा हिशेब करणाऱ्या संगणकात ३६२.९ टनांऐवजी २६२.९ टन भरले गेले. विमानाची शेपटी धावपट्टीवर घासली आणि ते कसेबसे हवेत गेले. फरक एका आकड्याचा होता.

म्हणून माझी पद्धत अशी: नेहमी झीरो फ्युएल वेटच भरावे, ग्रॉस वेट संगणकाला काढू द्यावे, आणि त्याने काढलेला आकडा वहीतल्या बेरजेशी ताडावा. बेरीज वहीत आधी केलेली असावी, नंतर नव्हे.

येथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. एफएमसीत वजन लिहिल्याने विमानात माणसे बसत नाहीत आणि टाकीत इंधन पडत नाही. ते सिम्युलेटरच्या मेनूतून किंवा विमानाच्या टॅब्लेटवरून वेगळे भरावे लागते. पहिल्या महिन्यात मी वाऱ्यावर हलणारे रिकामे ७३७ मुंबईला नेत असे आणि उतरताना ते खाली का बसत नाही याचे आश्चर्य करत असे.

त्याच पानावर कॉस्ट इंडेक्स भरावा: आकडा लहान तर इंधनाची बचत, मोठा तर वेळेची, आराखड्यातला आहे तसा घ्यावा. ट्रान्झिशन आल्टिट्यूडच्या, म्हणजे ज्या उंचीनंतर सर्व विमाने उंचीमापकावर एकच प्रमाण दाब लावतात तिच्या, जागी १८००० हा अमेरिकेतला आकडा पुष्कळदा आधीच बसलेला असतो, तो विमानतळाच्या तक्त्यावरून बदलावा.

सांब्र्याहून उचलताना

सांब्र्याची धावपट्टी ०८ आणि २६ या दिशांची, २,३०० मीटर लांब आहे, आणि विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंचीवर आहे. मुंबईच्या समुद्राकाठच्या लांब धावपट्टीवर जो सैलपणा चालतो तो येथे चालत नाही: उंचीवरची हवा विरळ, त्यामुळे इंजिनाचा जोर कमी आणि धाव लांब. एप्रिलच्या दुपारी हा परिणाम आणखी वाढतो. सिमब्रीफच्या हिशेबात धावपट्टी, वारा आणि तापमान बरोबर आहेत ना, हे पाहून तेथले फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) आणि इंजिनाची सेटिंग घ्यावी. टेकऑफ रेफरन्स पानावर फ्लॅप भरले की बोईंगची पुष्कळ विमाने तिन्ही वेग (निर्णयाचा, नाक उचलण्याचा आणि सुरक्षित चढाईचा) स्वतः सुचवतात. ते बारीक अक्षरांत असतात आणि शेजारच्या बटणाने मान्य करावे लागतात. ए३२०मध्ये मात्र वेग आपणच भरायचे असतात. दोन्हीकडे आराखड्यातल्या वेगांशी दोन-तीन नॉटांपेक्षा अधिक फरक दिसला, तर वजनाच्या पानावर परत जावे.

धावपट्टी निवडताना डिपार्चर-अरायव्हल पानावर ०८ की २६, हे त्या वेळच्या वाऱ्यावरून ठरवावे. आपल्याकडे पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणून त्या दिवसांत बहुधा २६. शेवटच्या क्षणी धावपट्टी बदलली तर वेग पुन्हा भरावे लागतात. संगणक ते बहुधा पुसून टाकतो, आणि तसे करणे योग्यच आहे.

मुंबई जवळ येताना

हे उड्डाण इतके छोटे आहे, की मुंबईची उतरण्याची कार्यपद्धती जमिनीवरच भरून ठेवलेली बरी. मुंबईच्या मुख्य धावपट्टीची दिशा ०९-२७ आहे. २७ची आयएलएस, म्हणजे रेडिओ-लहरींनी धावपट्टीपर्यंत आणणारी उतरण्याची पद्धत, आणि तिच्याकडे नेणारी आगमनपद्धती निवडावी, आणि मग पुन्हा एकदा लेग्ज पानावर भेगा पाहाव्यात, कारण आगमन जोडताना नवी भेग हमखास पडते. उतरणीची सुरुवात संगणक नकाशावर ‘टीडी’ या खुणेने दाखवतो. तिचा ताळा तोंडी करता येतो: हजारांतली उंची गुणिले तीन, अधिक वेग कमी करण्यासाठी दहा मैल. ३० हजार फुटांसाठी हे सुमारे शंभर सागरी मैल होतात. संगणकाची खूण याच्या आसपास नसेल, तर आगमनातल्या एखाद्या बिंदूवर उंचीची अट चुकीची बसली आहे.

टीडीपूर्वी वर बसवलेल्या स्वयंचलित नियंत्रण-पट्टीवर, बोईंगमधल्या एमसीपीवर, खालची उंची फिरवून ठेवायला विसरू नये. एफएमसीने कितीही सुंदर उतरण आखली असली तरी वरच्या खिडकीत ३०००० राहिले असतील, तर विमान त्याच उंचीवर मुंबई ओलांडून पुढे जाते.

परतीच्या उड्डाणासाठी हाच आराखडा उलटा करून चालत नाही. दिशा आग्नेयेची होते, म्हणून पातळी विषम घ्यावी, २९० किंवा ३१०. उतरायचे ठिकाण अडीच हजार फूट उंच असल्याने टीडीचा ताळा करताना तेवढी उंची आधी वजा करावी. सांब्र्याची धावपट्टी मुंबईपेक्षा बरीच आखूड, म्हणून उतरण्याचे वजन आणि फ्लॅप अप्रोच रेफरन्स पानावर वेळेवर निवडावेत. आणि निघण्यापूर्वी विमानाचा डेटाबेस व्हीओबीएम ओळखतो की अजून व्हीएबीएम, हे मुंबईच्या जमिनीवर असतानाच टाइप करून पाहावे.